भिंतीवरचं पालथं घमेलं

आमचे हे भित्रे. लपवण्यासारखं त्यात काही नाही, अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. पाल दिसली की पाय वर घेऊन खुर्चीवर बसतात आणि मला हाका मारतात. दाताच्या डॉक्टरकडे नेलं, तर नंबर यायच्या आधीच "अगं, थांबलं बघ दुखायचं" म्हणून उठून चालायला लागले. लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाहीत. न्हाव्याने वस्तरा हातात घेतला की डोळे गच्च मिटतात. लेकीच्या लग्नानंतर आणखी एक भीती वाढली, आमच्या विहीणबाईंची. त्यांचा फोन आला की हे माझ्याकडे फोन असा सरकवतात, जणू गरम तवाच. विहीणबाईही काही कमी नाहीत. "काय भित्रे व्याही, घरात पाल आहे की गेली?" अशीच त्यांची सुरुवात असायची.

पण एक गोष्ट होती जिला हे कधी भ्यायले नाहीत. आग. त्यात तर त्यांचा जन्म गेला.

हे जाळरेषेच्या टोळीचे मुकादम. जाळरेषा म्हणजे काय हे मला लग्नाआधी माहीत नव्हतं, म्हणून सांगते. जंगलात वणवा आला तर त्याला पुढे जायला गवतच मिळू नये, म्हणून आधीच, थंडी असतानाच, जंगलातून एक लांबलचक पट्टा जाळून मोकळा करायचा. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी गवत कापून, माती खरवडून उघडी करायची, आणि मधलं गवत पेटवून द्यायचं. मोठी आग यायच्या आधी छोटी आग लावून ठेवायची. आमच्या सासऱ्यांनीही आयुष्यभर हेच केलं. ह्यांनी काडी ओढली की टोळीतली माणसं निर्धास्त असायची. हे आगीशी बोलायचे देखील. "चल, चल पुढे, इकडे कुठे बघतेस, तुझी वाट तिकडे." लंबू, टोळीचा ड्रायव्हर, त्यांची नक्कल करून दाखवायचा आणि आम्ही हसून हसून दमायचो. घरात शेळी आणि रानात वाघ, असं मी चिडवायचे त्यांना.

ह्या कामाची खरी गंमत पेटवण्यात नाही, विझवण्यात आहे. कारण विझवायला माणूसच लागायचा नाही. ऊन कललं, वारा पडला की पेटवायचं. अंधार पडेतो गवत जळून जायचं. उरायचे ते खुंटातले निखारे, एखादं धुमसणारं लाकूड. ते तसंच टाकून टोळी घरी यायची. रात्री दव पडायचं आणि उरलेलं काम दव करायचं. सकाळी जाऊन बघावं तर सगळं गार, राखेवर पाखरांच्या पायांचे ठसे. पिढ्यान्पिढ्या असंच चालत आलेलं.

मग दव पडणार की नाही हे कसं कळायचं? त्याला आमच्या घरी एक घमेलं होतं. सासऱ्यांच्या वेळचं, लोखंडी, एका कानाला चीर गेलेलं. रोज संध्याकाळी ते परसातल्या भिंतीवर पालथं घालायचं. सकाळी हे उठले की तोंडसुद्धा न धुता भिंतीशी. घमेल्याच्या कडेखालून बोट फिरवायचं. बोट कोरडं, तर रेषा पेटवायची नाही. पाणी तळहातावर ओघळलं, तर त्या संध्याकाळी पेटवायची. नवी नवरी असताना एकदा मी ते घमेलं भांड्यांबरोबर घासून आत ठेवलं होतं, तर घरात असा कल्लोळ झाला की विचारू नका. सासरे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता मधल्या गोष्टी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आधी आलं वादळ. भलत्याच महिन्यात आलं आणि भलत्याच दिशेने. आमच्याकडचा वारा नेहमी खिंडीकडून यायचा, झाडांना त्याची सवय होती. हा मागून आला. वर पावसाने माती लोण्यासारखी झालेली. उभी झाडं मुळांसकट आडवी झाली, एकावर एक, एकावर एक. हे बघून आले आणि जेवलेच नाहीत. रस्त्यावरची झाडं उचलली सरकारने, आतली तशीच राहिली. कोण काढणार? तिथे पाय ठेवायला जागा नव्हती.

त्यानंतरचा उन्हाळा लागला तो संपेचना. जी झाडं वादळातून वाचली होती, तीही तहानेने अशक्त झाली आणि त्यांना पोखरणारे किडे लागले. पडलेल्या लाकडात आधी वाढले, मग उभ्या झाडांत शिरले. टोळीतले लोक म्हणायचे, "झाडांनी दळण काढलंय." बुंध्याशी पिठासारखा भुसा पडलेला असायचा. ह्यांच्या शर्टाच्या खिशातून, विजारीच्या दुमडीतून मी तो झटकायचे. पहिल्यांदा वैतागायचे. नंतर नंतर मला त्या भुशाचीच भीती वाटायला लागली, कारण रोज जास्त निघायचा. हिरवं झाड उभ्या उभ्या करडं व्हायचं. हे म्हणायचे, "वर जंगल नाही राहिलं गं, सरपण उभं आहे."

आणि त्या सरपणाच्या मधोमध आमची लेक राहत होती.

चढावर अर्ध्या वाटेत सरकारी रोपवाटिका आहे. जावई तिथे कामाला, गाडीतून रोपं पोचवायचं काम त्यांचं. वाफे बघायचं काम लेकीचं. पत्र्याचं घर, पाण्याची टाकी, रोपांवर सावलीची हिरवी जाळी. बरोबर विहीणबाई, आणि आमची नात, अजून रांगायलाही न लागलेली. लेकीला मी किती वेळा म्हटलं, "खाली ये गं बाळाचं निमित्त करून, राहा वर्षभर." तर म्हणाली, "आई, बाबांची जाळरेषा आहे ना घराच्या वर. मला कशाची भीती?"

तिला कशाची भीती नव्हती, ती बाबांच्या जिवावर. हे लक्षात ठेवा.

त्या वर्षी थंडी पडलीच नाही म्हणा ना. घमेलं रोज कोरडं. हे रोज सकाळी बोट फिरवायचे आणि ते विजारीला पुसायचे, जसं काही लागलंच होतं बोटाला. गवत वाळून खडखडीत झालं. वनखात्याच्या कचेरीतून विचारणा व्हायला लागली. तिथे नवीन साहेब आल्या होत्या, बाई माणूस, आमच्या लेकीच्याच वयाच्या, ह्यांच्याशी फार अदबीने बोलायच्या. त्यांनी एकदा ह्यांना घरी येऊन सांगितलं, माझ्यासमोर. "मुकादम, तुमचं घमेलं खाली ओढ्याकाठी आहे. गार हवा खाली साचते. वर चढावर रात्री गरमच राहतंय हल्ली, मी मोजून बघितलंय. इथे दव पडलं म्हणजे वर पडेलच असं नाही. पेटवाल तेव्हा रात्रभर माणसं ठेवा वर."

हे हसले. वाईट नाही हसले, लेकीच्या बोलण्यावर हसावं तसे हसले. म्हणाले, "साहेब, माझ्या बापापासून हे घमेलं खोटं बोललेलं नाही." साहेबबाईंनी चहा संपवला, पुन्हा एकदा "माणसं ठेवा मात्र" म्हणाल्या आणि गेल्या.

मग एका सकाळी घमेलं ओलं झालं. नुसतं ओलं नाही, चीर गेलेल्या कानातून थेंब गळत होता. ह्यांना इतका आनंद झाला की मला हाका मारून बाहेर बोलावलं. त्या संध्याकाळी रेषा पेटवली. सुरेख जळली म्हणे. अंधार पडता पडता टोळी परत आली. वर कोणाला ठेवलं का, असं मी विचारलं, खोटं नाही सांगत, विचारलं. तर म्हणाले, "कशाला? उद्या सकाळी दवाने भिजून लाकडं शेवाळतील." आणि पोटभर जेवून झोपले.

सकाळी हे नेहमीसारखे भिंतीशी गेले. मी चूल, म्हणजे गॅसच, पण तोंडात चूलच बसलंय, ती पेटवत होते. हे ओला हात घेऊन आत आले आणि माझ्या गालाला लावला. गारेगार. मी ओरडले, "जळलं मेलं ते लक्षण, म्हातारपणी हे काय!" हे हसत होते. म्हणाले, "बघ, धो धो पडलंय. काल मी बोललो होतो की नाही?"

तेवढ्यात वास आला. मला वाटलं लाकडाच्या वखारीतला असेल, तिथे सकाळी भुसा जाळतात. हे दारात गेले. मीही गेले. वखारीच्या छपराच्या वर जो डोंगर दिसतो, त्याच्या अर्ध्यावर धूर होता. वर जाणारा नाही, आडवा, अंथरूण पसरावं तसा. ह्यांच्या हातावरून अजून पाणी गळत होतं.

माझा फोन वाजला. लेक होती.

"आई, सूर्य असा लाल का दिसतोय गं? आणि चिमण्या ओरडत नाहीयेत एकसुद्धा. बाबांना विचार ना."

मी म्हटलं, "जावई कुठे आहेत?"

"ते पहाटेच गेले गाडी घेऊन, पलीकडच्या गावाला रोपं पोचवायला." मग मागून विहीणबाईंचा आवाज, "विचार भित्र्या व्याह्यांना, काल शेकोटी विझवली होती ना नीट?" आणि फोन तुटला. पुन्हा लावला, लागला नाही. पुन्हा लावला. ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, लावून बघितला, कानाला तसाच धरून उभे राहिले.

"चला," मी म्हटलं. "उभे काय राहिलात? चला!"

लंबूने टोळीची गाडी आणली. मी मागे चढले. हे म्हणाले, "तू उतर." मी म्हटलं, "माझी लेक आहे वर. उतरायचं असेल तर तुम्ही उतरा." आयुष्यात इतक्या कडू आवाजात मी त्यांच्याशी बोलले नव्हते.

चढ सुरू झाला तेव्हा मी हात बाहेर काढून कडेचं गवत धरलं. खाली ओढ्याशी गवत भिजलेलं होतं, हात ओला झाला. दोन वळणं वर गेलो आणि पुन्हा हात घातला, तर गवत कुरकुरीत. पापडासारखं मोडलं. ह्यांनीही हात घातला होता. आमची नजरानजर झाली आणि त्यांनी मान फिरवली. तिथेच त्यांना सगळं कळलं असणार. खाली रात्रभर दव पडलं होतं आणि इथे एक थेंब नाही. निखारे रात्रभर जिवंत राहिले होते. पहाटे वारा सुटला, कुठल्या तरी खुंटातून ठिणगी रेषेबाहेर गेली, आणि बाहेर काय होतं? वादळाने पाडलेली, किड्यांनी पोखरलेली, उन्हाळाभर वाळलेली झाडं.

आवाज आधी आला. मला वाटायचं आग दिसते. नाही हो, आधी ऐकू येते. मोठा ट्रक चढावर थांबून गुरगुरत राहावा, तसा आवाज, आणि तो थांबतच नाही. मधेच फटाफट फुटल्यासारखं. लंबूच्या मानेवर घाम होता. रस्त्यावर ससे, साप, एक भेकर आमच्याच दिशेने खाली धावत आले. आमच्या गाडीला भ्यायले नाहीत, बाजूने निघून गेले. मी डोळे मिटून घेतले.

रोपवाटिकेत पोचलो तर लेक नातीला कडेवर घेऊन फाटकात उभी. विहीणबाई पदर खोचून बादलीने रोपांना पाणी घालत होत्या. त्या धुरात! मी ओरडले, "विहीणबाई, ठेवा ती बादली, बसा गाडीत." लंबूने गाडी वळवली. आणि आम्ही ज्या वळणावरून आत्ता आलो होतो, तिथे एक करडं झाड पेटत पेटत रस्त्यावर आडवं झालं. त्याच्यामागे दुसरं. वाट बंद झाली.

मी लेकीचा हात धरला. तो गार होता. ती ह्यांच्याकडे बघत होती, लहानपणी रस्ता ओलांडताना बघायची तशी. "बाबा, आता?"

लंबू म्हणाला, "मुकादम, इथूनच लावू या. वाऱ्याच्या तोंडावर. आपली आग तिच्याकडे जाईल, मधलं गवत खाऊन टाकेल. ती इथवर आली तर खायला काही उरायचं नाही. दुसरा रस्ता नाही." आणि त्याने काड्यापेटी ह्यांच्या हातात दिली.

ह्यांनी काडी काढली. मोडली. दुसरी काढली, ती ओढली आणि हातातून पडली. तिसरी पेटीच्या बाहेरच येईना. ज्या माणसाने जन्मभर आग लावली, त्याला एक काडी ओढता येईना. त्यांनी काड्यापेटी खाली ठेवली आणि स्वतः मातीत बसले. "माझ्याच्याने नाही व्हायचं," म्हणाले. "ही पण सुटेल. सगळं सुटतंय."

मला वाटलं आता संपलं. हे पालीला घाबरले की मी झाडू घेऊन पुढे होते. इथे मी काय घेऊन पुढे होणार होते? खरं सांगते, त्या क्षणी मला त्या आगीपेक्षा ह्यांच्या बसण्याची जास्त भीती वाटली.

विहीणबाई पुढे आल्या. हातात अजून ती बादली. ह्यांनी वर बघितलं आणि लहान मुलासारखं सांगून टाकलं, "विहीणबाई, ही आग माझीच आहे. मी काल लावली. विझली नाही."

विहीणबाईंचं तोंड म्हणजे तोफ. पण त्या ओरडल्या नाहीत. बादली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "तुमची आहे ना? मग तुम्हालाच तिची चाल ठाऊक. उठा. माझी नात आहे इथे."

हे उठले. काडी लंबूने पेटवून दिली, पण पलिता ह्यांनी धरला. वाकून, गवताच्या कडेने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. ह्या खेपेला आगीशी काही बोलले नाहीत. आमची आग आधी आमच्याकडेच वळली. लंबू आणि लेक ओल्या पोत्यांनी तिला झोडपत होते, माझ्या हातात नात होती. हे ओरडले, "थांबा, मोठी जवळ आली की ही तिच्याकडे ओढली जाईल. थांबा." पण आवाजात विश्वास नव्हता, विनवणी होती. मग एकदम वारा फिरल्यासारखा झाला, आणि आमची आग उठून उभी राहिली आणि पळत सुटली, त्या मोठ्या आवाजाच्या दिशेने.

आम्ही रोपांच्या ओल्या वाफ्यांत पालथे पडलो. अंगावर भिजवलेल्या गोधड्या. माझ्या पोटाखाली नात, माझ्या पाठीवर लेकीचा हात. वर हिरवी जाळी वितळून थेंब थेंब पडत होती, गोधडीवर पडला की चर्र आवाज. तोंडात माती, रोपं, पाणी. मी नातीच्या कानात काहीतरी बोलत होते, काय ते आठवत नाही. ती रडली नाही. ते मला जास्त घाबरवत होतं, म्हणून मी तिला चिमटा काढला, आणि ती रडली तेव्हा मीही रडले.

आग दोन्ही बाजूंनी गेली. आमच्यावरून नाही गेली. इतकंच.

उठलो तेव्हा घर होतं, टाकी होती, आम्ही सगळे होतो. लंबूचा एक हात कोपरापर्यंत भाजला होता. रोपं बहुतेक शिजली होती. शिजलेल्या पाल्याचा वास येत होता. आणि डोंगर काळा, वरपर्यंत काळा, मध्ये मध्ये मेणबत्तीसारखी उभी जळणारी झाडं. विहीणबाईंनी बादली उचलली, ती गरम होती, पुन्हा ठेवली. लेकीने ह्यांच्या भुवयांवरची राख पदराने पुसली. भुवयाच निघून आल्या हातात.

चौकशी झाली. ह्यांनी स्वतःच सांगितलं, माणसं ठेवली नाहीत, चूक माझी. साहेबबाईंनी "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, मला त्यांच्याशी भांडता तरी आलं असतं.

त्या दिवसापासून हे काडी ओढत नाहीत. गॅससुद्धा लावत नाहीत. मी लायटर हातात घेतला की काहीतरी निमित्त काढून परसात जातात. पालीला भितात की नाही कोण जाणे. परवा एक पाल त्यांच्या खांद्यापाशी भिंतीवर होती आणि ह्यांनी नुसतं बघितलं. मी झाडू घेऊन धावले आणि मलाच रडू फुटलं. आणि मी, उठता बसता "जळलं मेलं" म्हणणारी बाई, तो शब्द तोंडातून काढत नाही आता. ओठापर्यंत येतो आणि गिळते.

तुम्हाला वाटेल, जंगल जळून गेलं, आता भीती कसली. मलाही तसंच वाटलं होतं. पण पाऊस आला तसा डोंगराची माती घेऊन खाली आला. नळाला काळं पाणी. आणि वर झाडांची सावली गेली, तर गवत असं माजलं, असं माजलं, की माणूस उभा दिसू नये. मेलेली झाडं तशीच उभी. म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा जास्त सरपण. त्याच्या मधोमध तेच पत्र्याचं घर, नवी हिरवी जाळी, आणि नात आता चालायला लागलेली. लेकीला मी पाया पडून म्हटलं, खाली ये. तर म्हणते, "आई, अख्ख्या डोंगराला रोपं लागणार आहेत. बी पेरलंय. मी खाली आले तर पाणी कोण घालणार?" जावई रोपांची गाडी भरायला निघून जातात. विहीणबाई म्हणतात, "ती राहणार तिथे मी." कोणाशी भांडू सांगा.

रेषा ह्याही वर्षी जाळायचीच आहे. नाही जाळली, तर उन्हाळी वारा सुटल्यावर कोणाची एक विडी पुरे. जाळली आणि दव नाही पडलं, तर काय होतं ते आम्ही वाफ्यात पडून बघितलंय. साहेबबाईंनी दिवस ठरवायचं काम ह्यांच्यावरच ठेवलं. "तुमच्याइतका घाबरलेला माणूस माझ्याकडे दुसरा नाही," म्हणाल्या. मला आधी राग आला. मग समजलं.

हे घमेलं वर घेऊन गेले. रोपवाटिकेच्या टाकीच्या कठड्यावर पालथं घातलं, आणि विहीणबाईंना बोट कसं फिरवायचं ते दाखवलं. त्यांना समोरून काही शिकवायची ह्यांची ही पहिलीच वेळ. आमच्या भिंतीवर आता एक जुनी पितळी परात असते. कशाला, मी विचारलं नाही.

रोज सकाळी फोन येतो. आता हे स्वतः उचलतात, पहिल्याच घंटेला. विहीणबाई चिडवत नाहीत. कित्येक दिवसांत "भित्रे व्याही" हा शब्द ऐकलेला नाही मी, आणि तो ऐकायला मिळावा म्हणून काय वाटेल ते द्यायला तयार आहे.

रेषेची वाट बघत हे गप्प बसलेले नाहीत. रोज वर जातात, कुदळ फावडं घेऊन, आणि घराभोवतीचं गवत मुळासकट खरवडतात. आगीशिवाय. लंबू असतो, त्याचा हात पुरता वळत नाही तरी असतो. विहीणबाई खुरपं घेऊन मागे. पण गवत डोंगरभर आणि माणसं तीन.

आजही सकाळी फोन वाजला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

"कोरडं आहे हो, व्याहीबुवा."

"कडेच्या खालून बघितलंत ना? चिरेपाशी?"

"सगळीकडे फिरवलं बोट. कोरडं ठणठणीत. आणि आज वाराही आहे थोडा."

"बरं," हे म्हणाले. "येतो मी."

फोन ठेवून ते परसात गेले. इथे आमच्या भिंतीवरच्या परातीच्या कडेला मात्र थेंब लोंबत होते, मला दारातून दिसत होते. ह्यांनी बोट फिरवलं नाही. खांद्यावरचा टॉवेल काढला आणि ती परात पुसायला लागले. आतून, बाहेरून, कडेच्या खालून. कोरडी झाली तरी पुसतच राहिले. मग कुदळ उचलली.

माझ्या हातात लायटर होता. फाटकाची कडी वाजेपर्यंत मी तशीच उभी राहिले, आणि मग चहाला गॅस लावला.